कपाटातले रिव्हॉल्व्हर आणि परवान्याची माया

शस्त्र परवानाधारकांच्या वर्तुळात एक मत अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते, आणि ते मांडणारा पक्ष व्यवहारज्ञानाचा मक्ता आपल्याकडेच असल्याच्या थाटात बोलत असल्यामुळे त्याचा समाचार घेणे भाग आहे. या पक्षाचे म्हणणे असे, की ज्याच्या घरात रीतसर परवान्याचे रिव्हॉल्व्हर आहे त्याने ते काही झाले तरी विकू नये. ते वर्षानुवर्षे चालवले नसले तरी हरकत नाही, नेम धरता येत नसला तरी हरकत नाही, कारण एक तर ते संरक्षणाचे साधन आहे, दुसरे म्हणजे ती वाडवडिलांची ठेव आहे, तिसरे म्हणजे त्याची किंमत वाढतच जाणार आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकदा परवाना हातचा गेला की तो या जन्मी पुन्हा मिळायचा नाही. पहिली तीन कारणे सभ्यतेखातर सांगितली जातात आणि चौथे मनापासून, म्हणून खंडनाला आरंभ चौथ्यापासूनच करणे न्याय्य ठरेल.

येथे विचार केला आहे तो सामान्य नागरिकाला परवाना मिळू शकतो अशा रिव्हॉल्व्हरचा, म्हणजे प्रामुख्याने .32 बोअरचा. बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचे माप. कानपूरच्या सरकारी कारखान्यातले सहा घरांचे रिव्हॉल्व्हर याच मापाचे असते. .38 किंवा 9 मिलिमीटर यांसारखी मापे प्रतिबंधित गटात मोडतात, त्यांचा परवाना केंद्र सरकारच्या अखत्यारीत असतो, आणि त्यांचा प्रश्न अगदीच निराळा आहे.

परवाना दुर्मीळ आहे हे पूर्वपक्षाचे विधान खरे आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र अजब आहे. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत ताटकळावे लागे त्या काळात काही घरांत कोणाला फोन करायचा नसतानाही यंत्र दिवाणखान्यात मिरवत असे, त्याच जातीचा हा युक्तिवाद आहे; फरक इतकाच, की टेलिफोन बाळगण्यासाठी दर काही वर्षांनी आपल्याला त्याची गरज आहे असे सरकारला पटवून द्यावे लागत नसे. शस्त्र अधिनियम, 1959 याच्या कलम 13 मध्ये दोन प्रकारच्या शस्त्रांत स्पष्ट भेद केलेला आहे. संरक्षणासाठी वा खेळासाठी किमान 20 इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक, किंवा पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला, इतर अडचण नसेल तर, परवाना द्यावा असे ते कलम सांगते. रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला मात्र त्यासाठी सबळ कारण असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटवून द्यावी लागते. कलम 15 पुढे असेही सांगते, की परवाना देताना जे निकष लावायचे तेच नूतनीकरणालाही लागू आहेत. या दोन कलमांचा एकत्रित अर्थ असा, की नूतनीकरणाच्या प्रत्येक अर्जागणिक गरज नव्याने उभी करावी लागते, आणि पूर्वपक्षाने स्वतःच गरज नसल्याची कबुली देऊन टाकलेली आहे. बैठकीत 'वापर नाही, पण असू द्यावे' असे म्हणणारे गृहस्थ अर्जावर मात्र आत्मसंरक्षण असे कारण लिहून खाली सही करतात. परवाना सांभाळण्यासाठी शस्त्र ठेवायचे, आणि शस्त्र ठेवण्यासाठी परवाना मागायचा, असे हे वर्तुळ आहे. त्यात संरक्षण कोठे बसते हे शोधायला निराळा परवाना काढावा लागेल.

या मायेपायी पडणारे कष्ट पूर्वपक्ष हिशेबात धरत नाही. शहरात पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय, तेथील अर्ज, चारित्र्य पडताळणी, घर बदलले की नव्या हद्दीत नोंद, राष्ट्रीय माहितीकोशातला ओळख क्रमांक, आणि निवडणूक जाहीर झाली की ठाण्यातून येणारा निरोप, हे सारे त्या एका कागदामागे चालत येते. निवडणुकीच्या काळात कोणाचे शस्त्र जमा करून घ्यायचे हे छाननी समितीने ठरवायचे असते. पण ज्याला निरोप येतो त्याला शस्त्र पिशवीत घालून ठाण्यावर जावे लागते, पावती घ्यावी लागते आणि निकाल लागल्यावर ती पावती शोधावी लागते. ज्या दिवसांत वातावरण तापलेले असते नेमक्या त्याच दिवसांत संरक्षणाचे हे साधन ठाण्याच्या कपाटात विसावलेले असते, याबद्दल मात्र पूर्वपक्षाने आजवर चकार शब्द काढलेला ऐकिवात नाही.

येथवर आले की हा पक्ष हमखास इतिहासात शिरतो. 1878 चा कायदा इंग्रजांनी एतद्देशीयांना निःशस्त्र करण्यासाठी केला, त्यात युरोपीयांना सूट होती, आणि स्वतंत्र भारताने तोच अविश्वास पुढे चालवला, हे जुने भांडण पुन्हा उकरले जाते. पहिल्या दोन गोष्टी निर्विवाद आहेत. पण राज्यघटना घडत असताना शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली गेली होती आणि ती मान्य झाली नाही, ही तिसरी गोष्ट सांगताना आवाज एकदम खाली येतो. शिवाय तो वाद नागरिकाला शस्त्र मिळावे की नाही याचा होता. ज्याला ते मिळाले आहे आणि ज्याने ते धोतरांच्या घडीखाली कुलूपबंद ठेवले आहे, त्याने ते विकावे की नाही यावर व्हाइसरॉयच्या धोरणाचा काय प्रकाश पडणार?

उरलेल्या कारणांना फार जागा देण्याची गरज नाही. खासगी आयात 1980च्या दशकापासून बंद असल्यामुळे जुन्या परदेशी रिव्हॉल्व्हरांना चांगली किंमत येते हे खरे. पण जी वस्तू कधीच विकायची नाही तिच्या वाढत्या किमतीचा आनंद कोणत्या वहीत जमा करायचा, हे सांगितले जात नाही. ठेवीचा मुद्दा याच किमतीच्या मुद्द्याशी भांडतो, त्यांचे आपसात मिटले की मग उत्तर देता येईल. रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून पीक राखणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्याचे उदाहरणही पुढे केले जाते, परंतु त्याच्या खांद्यावर ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक असते, कमरेला रिव्हॉल्व्हर नसते.

संरक्षणाच्या मुद्द्यासाठी असे एखादे रिव्हॉल्व्हर उघडून पाहणे पुरेसे आहे. खिट्टी दाबून नळी खाली वाकवली की चक्राची सहा घरे दिसतात. त्यांत जुने तेल घट्ट होऊन तपकिरी थर धरलेला असतो, चक्र बोटाने फिरवताना अडखळते, आणि चामड्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे खोचून ठेवलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवट कळंक चढलेला असतो, कारण कमावलेल्या चामड्यातली आम्ले पितळेला खातात. काडतुसे एका कपाटात, शस्त्र दुसऱ्यात आणि किल्ल्या तिसरीकडे, ही व्यवस्था घरात मुले असताना योग्यच आहे. पण या व्यवस्थेत मध्यरात्री दार फोडणाऱ्याला थोडा वेळ बाहेर थांबण्याची विनंती करावी लागेल. उलट उशाशी भरून ठेवलेले शस्त्र आधी घरातल्याच माणसांना धोक्याचे असते.

आता मंडन. ज्याला सराव आहे, किंवा जिवाला खरोखर धोका आहे, त्याने शस्त्र अवश्य ठेवावे. इतरांनी ते हयातीत आणि हातपाय धड असताना विकावे. परवानाधारक निवर्तला की घरात राहिलेले शस्त्र विनापरवाना ठरते, आणि कलम 21 प्रमाणे ते अनावश्यक विलंब न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची जबाबदारी घरच्यांवर येऊन पडते, तीही दुखवट्याच्या दिवसांत. ठेव पुढच्या पिढीला द्यायचीच असेल, तर शस्त्र नियम, 2016 प्रमाणे वयाची 70 वर्षे किंवा शस्त्र बाळगून 25 वर्षे, यांपैकी जे आधी होईल तेव्हा वारसाचे नाव सुचवता येते. मात्र त्या वारसाला स्वतःचा परवाना मिळवावा लागतो आणि त्याची तशी इच्छाही असावी लागते. बहुतेक घरांत ती विचारलेलीच नसते. विकायचे झाल्यास ज्याला ते बाळगण्याचा कायदेशीर अधिकार आहे असा माणूस शोधावा, त्याचे नाव व पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावा, आणि त्यानंतर किमान 45 दिवस थांबून व्यवहार पुरा करावा. एवढ्या उपद्व्यापापेक्षा पाच वर्षांनी एकदा सही करणे सोपे, असे पूर्वपक्ष म्हणेल, आणि तेवढ्यापुरते ते खरेही आहे.

पुढे कायदा सैल होईल, म्हणून हातचे सोडू नये, असाही एक आशावाद या पक्षात अधूनमधून डोकावतो. कायद्यात मोठा बदल झाला तो डिसेंबर 2019 मध्ये. त्याने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली, ही सवलत मान्य; पण त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि तिच्या मूळ विधेयकात तर ती एकच होती.