औषधाची पुडी

गेल्या आषाढांत आमच्या घरीं एक प्रसंग ओढवला. त्याचें मूळ शोधूं जातां तें एका कोऱ्या कागदी पाकिटांत सांपडलें. म्हणून या मासीं औषधाच्या वेष्टनाविषयींच चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे.

आमच्या बालपणीं वैद्यबुवांच्या ओसरीवर बसून पुड्या बांधल्या जातांना पाहणें हा एक विरंगुळाच असे. चौकोनी कागद, मधोमध चिमूटभर चूर्ण, दोन घड्या उभ्या, दोन आडव्या, आणि शेवटचें टोंक आंत खोंचलें कीं दोऱ्याची गरज नाहीं, डिंकाचीही नाहीं. पुडीवर टांकानें 'सकाळीं' किंवा 'रात्रीं' असें लिहिलेलें असे. औषध पोटांत गेलें कीं कागद चुलींत जाई, व त्याचा मागमूसही उरत नसे. कधीं कधीं ही पुडी वर्तमानपत्राच्या तुकड्याची असे, हा मात्र दोषच म्हटला पाहिजे. छापण्याची शाई पोटांत जाण्यासाठीं केलेली नसते.

औषध कशांत ठेवावें हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. वस्त्रांत, मातीच्या भांड्यांत, फळ्यांवर व खुंट्यांवर औषधें ठेवावीं असें सुश्रुत सांगतो. शार्ङ्गधरानें तर मुदतही घालून दिली आहे: चूर्णाचें वीर्य दोन महिन्यांनंतर उणें होतें, गुटिका व अवलेह वर्षभर टिकतात, आसव मात्र जितकें जुनें तितकें बरें. परंतु मडक्यावर वा फडक्यावर सहज लिहितां येत नाहीं. ती सोय कागदानें केली. आपल्या मराठवाड्यांतच, दौलताबादेहून खुलताबादेस जातांना, कागजीपुरा नांवाचें गांव लागतें. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें राजधानी दौलताबादेस आणली. त्यानंतर तेथें वसलेल्या कारागिरांनीं चिंध्यांचा लगदा करून हातकागद करण्याची कला पिढ्यान् पिढ्या चालविली.

आतां पुडीची जागा गोळ्यांच्या पट्टीनें घेतली आहे. एका अंगास प्लास्टिकची खळगी, दुसऱ्या अंगास ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. दोन्ही एकमेकांस असे चिकटविलेले असतात कीं वेगळे करून पुन्हां वापरणें अत्यंत कठीण, म्हणून रिकामी पट्टी उकिरड्यावर जाते, नाहींतर जाळली जाते व धूर आपल्याच नाकांत येतो. २०१८ सालीं महाराष्ट्र शासनानें प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, तेव्हां औषधांचें वेष्टन तींतून वगळलें. त्यांत कारण आहे. पावसाळी दमट हवा कागदांतून सहज आंत शिरते आणि पुष्कळ गोळ्या तेवढ्यानेंच बिघडतात. तेव्हां सर्वच वेष्टन कागदाचें करा असा हट्ट प्रस्तुत लेखक धरीत नाहीं. परंतु बाहेरच्या पिशव्या, साबण-मलमांचीं आवरणें, मलमपट्टीचे खोके यांस प्लास्टिक कशास हवें?

उलट शस्त्रक्रियेच्या साहित्यांत कागदाचा मान मोठा आहे. हत्यारें ज्या पाकिटांत घालून वाफेनें निर्जंतुक करतात, त्याची एक बाजू खास कागदाची असते. त्याच्या सूक्ष्म रंध्रांतून वाफ आंत जाते, पण जंतू मागाहून शिरूं शकत नाहींत. प्लास्टिकच्या साध्या अखंड पापुद्र्याला हें साधत नाहीं. आणि कागदासाठीं झाडेंच तोडलीं पाहिजेत असेंही नाहीं. उसाचीं चिपाडें, कारखान्यांत ज्यांस बगॅस म्हणतात, त्यांपासून उत्तम कागद होतो. १९७९ सालीं स्थापन झालेल्या तामिळनाडूच्या सरकारी कागद कंपनीनें करूर जिल्ह्यांत तो करून दाखविला. त्या वसाहतीचें नांव कागितपुरम, म्हणजे त्यांचा कागजीपुराच! बीड जिल्ह्यांत ऊस आहे, ऊसतोड करणारे हात तर साऱ्या महाराष्ट्रास आपलाच जिल्हा पुरवितो; पण चिपाड बहुधा बॉयलरमध्यें जळतें.

आतां तो प्रसंग. आमच्या थोरल्या वहिनी ऐंशीच्या घरांत आहेत. त्यांना रक्तदाबाची एक व मधुमेहाची एक अशा दोन गोळ्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही बारीक. महिनाअखेर होती, म्हणून पांच पांचच गोळ्या मागविल्या. दुकानदारानें पट्ट्या कातरून दोन्ही तुकडे एकाच कोऱ्या पाकिटांत घातले. १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशें औषधांच्या वेष्टनांवर ठिपक्यांची चौकट छापणें सक्तीचें झालें आहे, ती यंत्राला सर्व माहिती सांगते. पण कातरलेल्या तुकड्यावर ना चौकट, ना नांव, ना मुदत. वहिनींनीं सकाळीं दोन गोळ्या घेतल्या त्या एकाच तुकड्यांतल्या. दहाच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, हात कांपूं लागले, मला त्या माझ्या वडिलांच्या नांवानें हाक मारूं लागल्या. गिळतां येत होतें तोंवर सूनबाईंनीं साखरेचें पाणी पाजलें, आणि आम्ही दवाखाना गांठला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "मास्तर, गोळी कोणती घेतली यांनीं?" मीं पाकीट पुढें केलें. त्यांनीं तें उलटून पाहिलें. दोन्ही बाजू कोऱ्या. चाळीस वर्षें मुलांना उत्तरपत्रिका कोरी ठेवूं नका म्हणून बजावणारा मी, तें पाकीट तीन दिवस माझ्याच मेजावर पडलें होतें!

रक्तांतील साखर तपासून शिरेवाटे ग्लुकोज दिलें, एक रात्र ठेवून घेतलें, आणि वहिनी सुखरूप घरीं आल्या.

तेव्हांपासून आमच्याकडे पट्टी अखंडच येते. नातवंडांच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांचीं पाकिटें सुटींत करून ठेवलीं आहेत. प्रत्येकावर औषधाचें नांव, कोणासाठीं, केव्हां व मुदत कधींपर्यंत, एवढें काळ्या शाईनें लिहितों. सकाळचें पाकीट चौकोनी आणि रात्रीचें त्रिकोणी, म्हणजे चष्मा न सांपडला तरी हाताला कळावें, ही युक्ति वहिनींची. माझें अक्षर अजून बारीक येतें अशी त्यांची तक्रार आहे.