खरबरीत बूट आणि कारागिराचें नांव

बूट म्हटला कीं तो आरशासारखा चकचकीत असावा, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु पॉलिश न लागणारा, अंगावर बारीक लव असलेला एक खरबरीत बूट गेल्या पाऊणशे वर्षांत जगभर प्रतिष्ठा पावला आहे. त्याच्या कातड्यास बाजारांत ‘स्वेड’ म्हणतात. हा बूट शिवला कोणीं आणि नांव झालें कोणाचें, हें आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनीं समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम कातड्याविषयीं. कातड्यास दोन अंगें असतात. एक केसांचें, दुसरें मांसाचें. केसांचें अंग घट्ट व गुळगुळीत, मांसाचें अंग तंतूंचें व खरबरीत. ढोर व चांभार बंधूंस हें आम्हीं सांगावयास नको. आम्ही गिऱ्हाइकासाठीं सांगतों. कारखान्यांत यंत्राच्या धारदार पात्यानें जाड कातडें आडवें चिरून त्याचे दोन थर करतात. वरचा गुळगुळीत थर भारी मालास जातो. खालचा थर घांसून त्यावर लव काढली कीं तोही स्वेड म्हणून विकला जातो. त्यास केसांच्या अंगाचा आधार नसल्यामुळें तो लवकर ताणतो व फाटतो. दुसरा प्रकार म्हणजे न चिरलेलें अखंड कातडें उलटें करून, मांसाचें अंग बाहेर व केसांचें अंग आंत घेऊन शिवलेला बूट. हा फार टिकाऊ. अमेरिकेच्या फौजेनें १९४३ सालीं आपल्या शिपायांस असाच बूट दिला. त्यांत तेल-चरबी चांगली मुरते व ओरखडे दिसत नाहींत. म्हणून अस्तर नसलेला बूट घेतांना आंत बोट फिरवून पाहावें. आंत गुळगुळीत लागलें तर कातडें अखंड. दोन्ही बाजूंनीं लवच लागली तर तो खालचा थर समजावा. नांव एक, माल दोन. आणि अज्ञानाची किंमत नेहमीं गरिबानेंच भरावयाची!

आतां नांवाची गोष्ट ऐका. नेथन क्लार्क नांवाचा एक इंग्रज लष्करी अंमलदार १९४१ सालीं ब्रह्मदेशांत नेमणुकीवर गेला. त्याचें घराणें इंग्लंडांत १८२५ पासून जोड्यांच्या धंद्यांत होतें. तेथें कांहीं अंमलदारांच्या पायांत त्यास घोट्यापर्यंतचे, स्वेडचे, क्रेप रबराच्या तळाचे साधे बूट दिसले. चौकशी करतां ते मिसर देशांतील कैरो शहरच्या बाजारांत शिवून घेतलेले आहेत असें कळलें. या बुटाचें नातें दक्षिण आफ्रिकेंतील ‘फेल्डस्कून’ या जोड्याशीं सांगतात. त्या शब्दाचा अर्थच रानांतला, शेतांतला जोडा! नेथन साहेबानें त्यावरून नमुने कापले, १९४९ सालीं अमेरिकेंत शिकागोच्या प्रदर्शनांत बूट मांडला आणि १९५० पासून तो ‘डेझर्ट बूट’ या नांवानें विकूं लागला. पुढें देशोदेशीं त्याचा खप झाला.

साहेबानें चोरी केली असें आम्ही म्हणत नाहीं. बूट कोठला हें त्यानें लपविलें नाहीं, म्हणूनच आज आपणांस तें ठाऊक आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, या सबंध गोष्टींत साहेबाचें नांव आहे, सालें आहेत, शहरांचीं नांवें आहेत. पण ज्यानें आरी हातीं धरून तो बूट शिवला, त्या कैरोच्या चांभाराचें नांव मात्र नाहीं. कोणी म्हणतील, पाहून शिकणें हा गुन्हा कसा? खरें आहे. आपले वाडवडीलही पाहूनच शिकले. परंतु पाहणाऱ्याजवळ भांडवल, छापखाना व कायदा होता. शिवणाऱ्याजवळ फक्त हुन्नर होता. हुन्नरास लेखणीची जोड नसली म्हणजे असेंच व्हावयाचें.

कैरो दूर आहे, पण कोल्हापूर तर आपलेंच आहे ना? जून २०२५ मध्यें इटलींतील मिलान शहरीं प्राडा नांवाच्या बड्या कंपनीनें कोल्हापुरी धर्तीच्या चपला मांडल्या, आणि प्रथम कोल्हापूरचें नांवही घेतलें नाहीं. इकडे ओरड झाली तेव्हां आपली कल्पना भारतीय कारागिरांच्या परंपरेवरून सुचल्याचें तिनें कबूल केलें. डिसेंबरांत महाराष्ट्र व कर्नाटक येथील दोन्ही चर्मोद्योग महामंडळांशीं तिनें करारही केला. हें बरें झालें. परंतु मधल्या काळांत, जुलै महिन्यांत, कारागिरांच्या बाजूनें म्हणून केलेला एक अर्ज मुंबई उच्च न्यायालयानें फेटाळला. कारण काय? अर्जदार त्या नांवाचे नोंदलेले मालक नव्हते! कोल्हापुरी चपलेस दोन्ही राज्यांच्या मिळून आठ जिल्ह्यांसाठीं २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. पण १९९९ च्या या कायद्याप्रमाणें प्रत्येक कारागिरानें अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलें नांव स्वतंत्र नोंदवावें लागतें. नांव दफ्तरांत नसलें तर हक्क असूनही हात रिकामे.

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला, तेव्हां देव व मनुष्य यांच्यामध्यें दलाल नको, असें शिकविलें. तोच न्याय बाजारासही लावला पाहिजे. ज्यानें कातडें कमावलें त्याचा विटाळ मानावयाचा, आणि त्याच कातड्याची मोट, वादी व वहाण मात्र खुशाल वापरावयाची, ही लबाडी आपल्या समाजानें पिढ्यान्‌पिढ्या केली. त्यांत आम्ही शेतकरीही सामील होतों, हें कबूल केल्यावांचून आम्हांस इतरांस उपदेश करण्याचा अधिकार नाहीं.

म्हणून आमचें चर्मकार बंधुभगिनींस सांगणें कीं, आपलें नांव सरकारीं नोंदवा. प्रत्येक जोड्यावर आपला व आपल्या गांवाचा शिक्का उठवा. चार घरांनीं मिळून कातडें एकदम घ्या. जमाखर्चाची वही दलालाच्या हातीं न देतां घरच्या शिकलेल्या मुलानें किंवा मुलीनें लिहावी. आणि शेतकऱ्यांस सांगणें कीं, जोडा घ्याल तो शक्य तेथें करणाऱ्याच्या हातून घ्या, भावांत घासाघीस करण्यापूर्वीं त्याचें नांव विचारा, आणि तें पोराबाळांस सांगा.

कैरोच्या त्या चांभाराचें नांव आतां कोणास सांगतां येणार नाहीं. आपल्या गांवच्या चांभाराचें नांव मात्र अजून विचारतां येतें.