यंदा सहल गोंदियाच्या बाजारात नेऊ या



दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत एकच चर्चा असते, यंदा सहल कुठे? मागच्या वेळी आम्ही बसने लांब गेलो होतो. अर्धी मुलं वाटेत झोपली, काहींना उलट्या झाल्या. परत आल्यावर ‘काय पाहिलं?’ विचारलं, तर बहुतेकांनी पाण्याची घसरगुंडी सांगितली. वर्गातली सहा मुलं आलीच नाहीत. सहाही जणांनी कारण दिलं, ‘ताप आला होता.’ एकाच दिवशी सहा जणांना ताप! खरं कारण वर्गणी होती, हे मलाही कळलं आणि बाकीच्या मुलांनाही.

म्हणून माझं म्हणणं असं की यंदाची सहल गोंदियाच्या जुन्या बाजारात न्यावी. हे बोललो की लगेच ऐकू येतं, ‘गुरुजी, गोंदियाला तर आम्ही नेहमीच जातो. तिथं काय पाहायचं?’ जातो, खरं आहे. पण कापड घ्यायला जातो, दवाखान्यात जातो, आणि पोराचा हात धरून भराभर चालत सुटतो. त्याला थांबून विचारायला वेळ कुठे मिळतो?

सुरुवात स्टेशनापासून करा. फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर गावाचं नाव किती भाषांत आहे आणि समुद्रसपाटीपासूनची उंची किती लिहिली आहे, ते वहीत टिपायला लावा. समुद्र कधीच न पाहिलेल्या मुलांना ती उंची समजावणं हा भूगोलाचा चांगला तास होतो.

मग गाड्यांची गोष्ट सांगा. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा लोहमार्ग आधी मीटर गेज होता. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने तो रुंद केला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तरेला बालाघाट, नैनपूर, जबलपूरकडे आणि दक्षिणेला नागभीड, चांदा फोर्टकडे नॅरोगेजची छोटी गाडी धावू लागली. मोठ्या गाडीच्या रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर आणि छोटीच्या रुळांत ७६२. ही दोन्ही अंतरं शाळेच्या अंगणात खडूने आखा आणि मुलांना मध्ये उभं करा. (रुळांवर जाऊन मोजायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.)

आता विचारा, छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळांवर चालेल का? नाही. मग माल उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा. माल उतरला की हमाल आले, गोदाम आलं, अडत्या आला, त्यांना चहा पाजणाराही आला. धान, लाकूड, तेंदूपत्ता, लाख, डिंक देणारा सगळा मुलूख भोवती. गोंदिया हे नावच गोंद म्हणजे डिंकावरून पडलं असं सांगतात. गाव कसं वाढतं, हे पुस्तकात एका ओळीत असतं. इथे मुलं ते पायाने चालून बघतात. आज त्या छोट्या गाड्या गेल्या, रूळ रुंद झाले, पण बाजार आहे तिथेच आहे.

पुढे गोरेलाल चौक, गांधी प्रतिमा या बाजूने पायी फिरा. गटागटाला एकेक काम द्या:

– सर्वांत जुनं दिसणारं दुकान शोधा. दार, छप्पर, लाकडी खांब यांचं चित्र काढा.
– दुकानदार आणि गिऱ्हाईक कोणत्या भाषांत बोलतात ते ऐका. मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी, किती सापडतात?
– तांदळाचे भाव लिहा. अख्खा तांदूळ आणि कणी यांच्या भावात फरक का?
– पायली, कुडो, खंडी ही मापं कोणाला आठवतात का, विचारा.

वाटेत परवानगी मिळाली तर एखादी राइस मिल दाखवा. ज्या मुलाच्या घरी धान पिकतं, तो त्या दिवशी वर्गाचा गुरुजी होतो. ‘भरडल्यावर कोंडा निघते, गुरुजी, त्याचंबी तेल काढतेत!’ हे तो मला सांगतो. ज्या मुलीची आई बिड्या वळते, तिला हजारावर मिळणारी मजुरी आणि तेंदूपानाची पारख ठाऊक असते. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी ही लेकरं. लांबच्या सहलीत त्यांना बोलायची अशी संधी कुठून मिळणार?

खर्च म्हणाल तर एसटीचं भाडं, प्लॅटफॉर्म तिकीट आणि घरून आणलेला डबा. एखाद्याकडे तेवढेही नसतील, तर दोघा-तिघा शिक्षकांना मिळून सहज भरता येतील. मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची संमती, दहा मुलांमागे एक मोठं माणूस, आणि स्टेशन व मिलमध्ये आधी भेटून ठेवणं, एवढी तयारी मात्र पक्की हवी.

समुद्र, किल्ले मुलांनी बघूच नयेत असं मी म्हणत नाही. जरूर बघावेत. पण ज्या सहलीला अख्खा वर्ग येऊ शकत नाही, तिला शाळेची सहल म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पालकहो, पुढच्या सभेत हा विषय तुम्हीच काढा. यंदा कुणाला ताप यायला नको.