लोडरचा दांडा वाकतो कशाने?

ट्रॅक्टरच्या पुढील लोडरच्या सिलिंडरातून तेल गळू लागले, की केवळ सील बदलून मोकळे होण्याची रीत पडली आहे. ही काटकसर नव्हे. दांड्यावरील क्रोमचा मुलामा खरवडला गेला असेल, तर नवे सीलही थोड्याच दिवसांत फाटते. सील बदलताना दांड्यावरून नख फिरवावे. ते अडकल्यास दोष दांड्यात आहे असे समजावे.

दांडा वाकला, की खापर मालाच्या प्रतीवर फोडले जाते. वास्तविक, बादली पूर्ण पालथी करून तिच्या धारेने मुरूम मागे ओढीत जमीन सपाट करण्याची सवय त्यास बहुधा कारणीभूत असते. बहुतेक लोडरांत बादली पालथी असताना तिचा दांडा पुरता बाहेर आलेला असतो. धार दगडास अडताच सारा धक्का त्या लांब, निराधार भागावर येतो. बादली जमिनीशी जवळजवळ समांतर ठेवून हलक्या हाताने ओढल्यास हा प्रसंग सहसा येत नाही. वाकलेला दांडा घणाने ठोकून सरळ करणे मात्र व्यर्थ होय, मुलामा तडकतो. तो बदलावाच.

दुरुस्तीपूर्वी लोडर जमिनीवर टेकवून इंजिन बंद करावे व तरफ पुढेमागे हलवून उरलेला दाब काढून टाकावा. गळतीची जागा बोटाने चाचपू नये. पुठ्ठा धरून पाहावी. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून सुटलेले तेल कातडी भेदून आत शिरते. तसे झाल्यास, जखम क्षुल्लक दिसली तरी, तत्काळ रुग्णालय गाठावे.