राखेचा हिशेब गावासमोर मांडा : कोलार-कन्हान काठच्या ग्रामस्थांचे निवेदन

प्रति,
मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

विषय : कोराडी व खापरखेडा औष्णिक वीज केंद्रांच्या राखेवरील देखरेखीबाबत.

महोदय,

जुलै 2022च्या मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला. राख शेतांत शिरली, कोलार नदीत उतरली, तिथून कन्हानला मिळाली आणि नागपूर शहराचा पाणीपुरवठाही विस्कळीत झाला. पूर ओसरला तरी राखेचा त्रास सरत नाही. उन्हाळ्यात ती वाळते, वाऱ्यावर उठते आणि पिकांच्या पानांवर, अंगणातल्या कपड्यांवर, पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर करडा थर धरते.

ग्रामस्थांचा विजेला विरोध नाही.

ही वीज केंद्रे महानिर्मिती कंपनीची, म्हणजे शासनाचीच. देखरेख करणारे मंडळही शासनाचेच. म्हणूनच ही देखरेख खाजगी कारखान्यावरील देखरेखीपेक्षा कडक आणि उघड असावी, अशी ग्रामस्थांची ठाम भूमिका आहे. 1974चा जल कायदा आणि 1981चा हवा कायदा मंडळाला उद्योग बंद करण्यापर्यंतचे अधिकार देतात. चालते वीज केंद्र बंद करणे सोपे नाही, हे मान्य. पण मंडळाने केंद्रांना दिलेल्या संमतिपत्रातील अटींची अंमलबजावणी त्यामुळे अडून राहू नये.

दरवर्षी मेअखेर प्रत्येक राख बंधाऱ्याची तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल पावसाआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावा, ही पहिली मागणी. कोलार आणि कन्हानच्या पाण्याचे नमुने ग्रामस्थांच्या उपस्थितीत घ्यावेत. केंद्र सरकारच्या डिसेंबर 2021च्या अधिसूचनेनुसार न वापरलेल्या राखेवर टनामागे 1000 रुपये पर्यावरण भरपाई आकारायची आहे. या दोन केंद्रांची किती राख उरली आणि किती आकारणी झाली, ते मंडळाने जाहीर करावे.

धुराचेही तसेच. सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादा डिसेंबर 2015 मध्ये ठरल्या, मुदती पुढे सरकत गेल्या आणि जुलै 2025 मध्ये देशातील बहुतेक केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. ते धोरण दिल्लीचे, परंतु चिमणीतून काय बाहेर पडते यावर लक्ष ठेवणे मंडळाचे काम आहे. त्याचे आकडे रोजच्या रोज गावात दिसावेत.

राखेने पीक गेल्यास तलाठी, कृषी सहायक आणि मंडळाचे अधिकारी यांनी सात दिवसांत संयुक्त पंचनामा करावा आणि त्याची प्रत त्याच दिवशी शेतकऱ्याच्या हाती द्यावी.

आपले विश्वासू,
कोलार-कन्हान काठचे ग्रामस्थ