'लाइव्ह' नावाची बखर : घरी पाहण्यासाठी मैफल कशी निवडावी? (धागा)

१/ सुट्टीची संध्याकाळ, भिंतीवर मोठा पडदा, बरे स्पीकर आणि 'आयुष्यात एकदा तरी पाहाव्यात अशा दहा लाइव्ह मैफली' अशा मथळ्याची एखादी यादी. असंख्य घरांत मैफलीची निवड अशीच होते. चित्र किती स्वच्छ, गर्दी किती अफाट आणि नाव किती मोठे, हे तीन निकष पुरेसे मानले जातात. पडद्यावर दिसते ते त्या दिवशी, त्या क्रमाने, तसेच घडले होते का, हा प्रश्न कोणत्याही यादीत आढळत नाही.

२/ शिवकालावर किंवा पेशवाईवर चर्चा सुरू झाली की हाच तरुण इतिहासप्रेमी आधी विचारतो : समकालीन कागद आहे का? वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, पानिपतच्या काळातील अस्सल पत्रे वाचकांपुढे ठेवली आणि प्रस्तावनेत बखरींचे दोष दाखवून दिले. तेव्हापासून ही शिस्त मराठी वाचकाच्या अंगवळणी पडली आहे. मैफलीची चित्रफीत लावताना मात्र ती चपलांबरोबर दाराबाहेर राहते.

३/ मैफलीचा चित्रपट ही एक बखर आहे. ती घटनेनंतर रचली जाते. रचणाऱ्याचा हेतू असतो, आश्रयदाता असतो आणि काय गाळायचे याचा निर्णयही असतो. बखर वाचू नये असे कोणी म्हणत नाही. तिला अस्सल पत्र समजून वाचणे ही चूक आहे. १९६९ या एकाच वर्षातील अमेरिकेतले तीन संगीतसोहळे समोर ठेवले, तरी या चुकीची किंमत कळते.

४/ पहिला सोहळा वुडस्टॉकचा. १५ ऑगस्ट १९६९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बेथेल येथे मॅक्स यास्गर यांच्या शेतावर तो सुरू झाला. चार लाखांच्या घरात माणसे जमली. मायकेल वॉडली यांचा 'वुडस्टॉक' हा चित्रपट मार्च १९७० मध्ये आला आणि त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. चित्रीकरण सुमारे १२० तासांचे होते, चित्रपट सुमारे तीन तासांचा. म्हणजे चाळीस मिनिटांतले एक मिनिट प्रेक्षकापर्यंत पोहोचले.

५/ ते एक मिनिटही घडले त्या क्रमाने येत नाही. 'शा ना ना' हा गट अखेरच्या सकाळी, जिमी हेंड्रिक्सच्या लगेच आधी गायला. चित्रपटात तो पूर्वार्धातच येऊन जातो. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल, द बँड, ग्रेटफुल डेड आणि जॅनिस जॉप्लिन यांपैकी कोणाचेही सादरीकरण मूळ चित्रपटात नाही. जॉप्लिन १९९४ च्या वाढीव आवृत्तीत आली. पहिल्या रात्री पावसात वाजलेली पं. रविशंकर यांची सतार आणि उस्ताद अल्ला रखा यांचा तबला यांना तर दोन्ही आवृत्त्यांत जागा मिळाली नाही.

६/ हेंड्रिक्सचे उदाहरण अधिक बोलके आहे. गिटारवर वाजवलेल्या अमेरिकन राष्ट्रगीताचा तुकडा पाहताना लाखोंचा सागर ते ऐकतो आहे असा समज होतो. प्रत्यक्षात कार्यक्रम रविवारी रात्री संपायचा होता. पाऊस आणि दिरंगाई यांमुळे हेंड्रिक्स सोमवारी, १८ ऑगस्टच्या सकाळी मंचावर आला. तोवर बहुतेक श्रोते घरी निघाले होते. चित्रपटात ते ओसरलेले मैदान आणि तो कचरा दिसतो, हे मान्य करायला हवे. पण पाच मिनिटांचा तुकडा सुटा करून फिरवला की मैदान नाहीसे होते आणि दंतकथा उरते.

७/ दुसरा सोहळा हार्लेमचा. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरातील माउंट मॉरिस पार्कमध्ये सहा रविवार 'हार्लेम कल्चरल फेस्टिव्हल' भरला. २० जुलै रोजी माणूस चंद्रावर उतरत होता, त्याच दिवशी एकोणीस वर्षांचा स्टीव्ही वंडर येथे वाजवत-गात होता. १७ ऑगस्ट रोजी वुडस्टॉक ऐन रंगात असताना, तेथून दीडशे किलोमीटरच्या आसपास, नीना सिमोन या मंचावर होती. प्रवेश विनामूल्य होता आणि श्रोते बहुतांशी कृष्णवर्णीय होते. हॅल टलचिन यांनी सुमारे ४० तासांचे चित्रीकरण केले.

८/ ते चित्रीकरण विकत घ्यायला कोणी पुढे आले नाही. 'ब्लॅक वुडस्टॉक' असे नाव देऊनही टलचिन यांना पूर्ण चित्रपटासाठी पाठबळ मिळाले नाही. परिणामी पुढील पन्नास वर्षे '१९६९ चे संगीत' म्हटले की जगाच्या डोळ्यांपुढे चिखलात नाचणारी गोरी मुले उभी राहिली. हार्लेममधील गर्दी खोटी नव्हती, गाणे कमी प्रतीचे नव्हते. फक्त बखर लिहिली गेली नाही. ज्या घटनेची बखर नाही, ती घडलीच नाही असे मानण्याची सवय येथे एका समाजाच्या स्मृतीवर उलटली.

९/ अखेर २०२१ मध्ये क्वेस्टलव्ह यांचा 'समर ऑफ सोल' आला आणि त्यालाही ऑस्कर मिळाले. हा चित्रपट अवश्य पाहावा; पण तोही याच कसोटीला लावावा. 'पन्नास वर्षे तळघरात पडून राहिलेले चित्रीकरण' या जाहिरातीत अतिशयोक्ती आहे, कारण त्याचा काही भाग १९६९ मध्येच अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखवला गेला होता. शिवाय अनेक गाण्यांच्या मध्येच मुलाखती सुरू होतात. अन्यायाचे परिमार्जन करणारी बखर झाली, तरी ती बखरच.

१०/ तिसरा सोहळा ऑल्टमाँटचा. ६ डिसेंबर १९६९ रोजी उत्तर कॅलिफोर्नियातील ऑल्टमाँट स्पीडवेवर रोलिंग स्टोन्सचा विनामूल्य कार्यक्रम झाला. मंचाभोवती 'हेल्स एंजल्स' या मोटारसायकलस्वारांच्या टोळीचा पहारा होता. स्टोन्स वाजवत असताना मेरेडिथ हंटर हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण त्या टोळीतील एकाच्या सुऱ्याने मारला गेला. हंटरच्या हातात पिस्तूल होते. कॅमेरा तेव्हा चालू होता. पुढे ते चित्रीकरण न्यायालयात पुरावा म्हणून वापरले गेले आणि आरोपी स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर निर्दोष सुटला.

११/ ही हत्या 'सिम्पथी फॉर द डेव्हिल' या गाण्याच्या वेळी झाली, अशी आख्यायिका दीर्घकाळ सांगितली गेली. सैतानाचे गाणे आणि रक्तपात ही जोडी कथेला फारच सोयीची होती. चित्रीकरण सांगते की तेव्हा 'अंडर माय थंब' चालू होते. मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांच्या 'गिमी शेल्टर' (१९७०) या चित्रपटात मिक जॅगर संकलनाच्या टेबलाशी बसून तेच दृश्य पाहताना दिसतो. चित्र रचले जात आहे हे चित्रपट स्वतःच उघड करतो. अशी बखर विरळा.

१२/ येथवर गाळणे आणि क्रम बदलणे यांचा विचार झाला. पुढची पायरी बनावटीची आहे. लेड झेपेलिनचा 'द साँग रिमेन्स द सेम' (१९७६) हा चित्रपट न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील जुलै १९७३ च्या तीन रात्रींवर आधारलेला आहे. चित्रीकरणात खिंडारे राहिली, म्हणून १९७४ मध्ये इंग्लंडच्या शेपर्टन स्टुडिओत गटाने जुन्या ध्वनिमुद्रणावर वाजवण्याचा अभिनय केला. जॉन पॉल जोन्सने दरम्यान केस कापले होते. त्याने टोप घातला. प्रेक्षक ज्याला मैफल समजतो, त्यातला काही भाग टोप घातलेले नाटक आहे.

१३/ मार्टिन स्कोर्सेसी यांचा 'द लास्ट वॉल्ट्झ' (१९७८) बहुतेक याद्यांच्या अग्रभागी असतो. द बँड या गटाचा निरोपाचा कार्यक्रम २५ नोव्हेंबर १९७६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला. त्यातील वादनगायनाचा बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा मुद्रित केला गेला. स्टेपल सिंगर्स आणि एमिलू हॅरिस यांची गाणी तर त्या रात्रीची नाहीतच. ती पुढे स्टुडिओच्या मंचावर चित्रित झाली. चित्रपट देखणा आहे. त्या रात्रीचा साक्षीदार म्हणून मात्र त्याची जबानी जपून घ्यावी लागते.

१४/ यावर ठरलेले उत्तर येते : 'गाणे कानाला गोड लागले की पुरे, संकलन ही कला आहे, इतिहासाचा येथे काय संबंध?' संकलन ही कला आहे यात शंका नाही. पण कलाकृतीच पाहायची असेल, तर स्टुडिओतील निर्दोष ध्वनिमुद्रण उपलब्ध असतेच. प्रेक्षक 'लाइव्ह' हा शब्द पाहून ते बाजूला ठेवतो, कारण त्याला घसरलेला सूर, तुटलेली तार, दमलेला श्वास आणि समोरच्या गर्दीने बदललेले गाणे हवे असते. नेमके तेच पुसून 'लाइव्ह' म्हणून विकणे ही फसवणूक आहे, आणि रसिकतेच्या नावाखाली तिची पाठराखण करणे हा आळस आहे.

१५/ दुसरे उत्तर तंत्रज्ञानाचे : 'आता सगळे रीमास्टर झाले आहे, फोर-के आहे.' येथे दोन गोष्टींची गल्लत होते. मूळ फिल्म नव्याने स्कॅन केली, तर तिच्यात असलेलाच तपशील अधिक स्पष्ट होतो. हे जीर्ण हस्तलिखित चांगल्या उजेडात वाचण्यासारखे आहे. धूसर प्रतीवर यंत्राकडून चेहरे आणि बोटे 'भरून' घेतली, तर ते हस्तलिखिताच्या फाटक्या ओळींत स्वतःची वाक्ये घालण्यासारखे आहे. दोन्हींवर 'रीमास्टर' हीच चिठ्ठी चिकटवलेली असते.

१६/ संकलकाने न कापलेला एक क्षण किती मोलाचा असतो, हे 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश'मध्ये दिसते. निर्वासितांच्या मदतीसाठी १ ऑगस्ट १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन प्रयोग झाले. चित्रपटात दोन्हींतील भाग एकत्र केले आहेत. पण आरंभी सतार आणि सरोद सुरात लावली जात असता श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि रविशंकरांनी मिश्किलपणे, जुळवणीच एवढी आवडली तर वादन अधिक आवडेल अशी आशा व्यक्त केली, तो प्रसंग शाबूत आहे. पाश्चात्त्य श्रोता आणि हिंदुस्थानी संगीत यांतील अंतर त्या अर्ध्या मिनिटात जितके दिसते, तितके अनेक ग्रंथांत दिसत नाही.

१७/ हाच प्रश्न पुण्यालाही विचारावा लागतो. पं. भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव अनेक दशके रात्रभर चालत असे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले, रात्री दहानंतर उघड्यावरील ध्वनिक्षेपकांवर बंधने आली आणि पहाटेपर्यंतची बैठक इतिहासजमा झाली. उत्तररात्रीचा राग त्याच्या वेळी, मोठ्या श्रोतृसमुदायापुढे कसा उलगडत असे, याचा पुरावा आता जुन्या ध्वनिचित्रमुद्रणांतच उरला आहे. तरीही पाहिला जातो तो आठ मिनिटांचा तुकडा : विलंबित वगळलेला, फक्त तानांचा आणि टाळ्यांचा.

१८/ घरी मैफल निवडताना म्हणून पाच प्रश्न पुरे आहेत. तारीख आणि ठिकाण नोंदलेले आहे का? एकाच प्रयोगाचे मुद्रण आहे की अनेकांची गोधडी? क्रम मूळचा आहे का? नंतर काय नव्याने मुद्रित केले? साथीदारांची नावे दिली आहेत का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही. ज्या प्रतीवर तबलजी आणि तानपुरा धरणाऱ्या शिष्याचे नाव नाही, तिने इतर नोंदीही काळजीने ठेवल्या असतील असे मानायला आधार नाही.

१९/ या कसोटीवर अनेकदा कमी झगमगाटाची प्रत वरचढ ठरेल : एकाच कॅमेऱ्याने घेतलेली, थोडी खरखरणारी, पण अखंड आणि दिनांकित. तीच आधी पाहावी आणि गाजलेला चित्रपट नंतर, तुलनेसाठी. यात केवळ एका संध्याकाळचा प्रश्न नाही. जे पाहिले जाते तेच पुन्हा स्कॅन होते, त्याचीच नवी प्रत निघते. न पाहिलेल्या फिती कपाटांत कुजतात. हार्लेमच्या फिती वाचल्या, हा बराचसा एका माणसाच्या चिकाटीचा परिणाम होता.

२०/ सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेने करण्याची प्रथा आहे. ती तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. एवढ्यात पूर्ण मैफल मावत नाही, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. तिने कधी पूर्णत्वाचा दावा केला नाही, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवता येतो. पडद्यावरच्या प्रत्येक 'लाइव्ह' मैफलीकडून इतिहासप्रेमी प्रेक्षकाने एवढ्याच प्रामाणिकपणाची मागणी करावी, आणि ती पुरी होत नसेल तर यादीतले पुढचे नाव पाहावे.

(धागा समाप्त)