बिननावाचा रकाना

मागचे दोन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. कारण आळस नव्हे (या वेळी तरी). एक गोष्ट लिहावी की नाही हेच ठरत नव्हतं. शेवटी ताईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही. पण आमचं नाव नको, एरिया नको, आणि त्या बाईबद्दल असं काही नको की ज्यावरून तिच्या जावेलासुद्धा ओळखू येईल." तेव्हा काही तपशील बदललेत, काही सरळ गाळलेत.

तर झालं असं. पुण्यात एक केंद्र आहे. घरात मार खाणाऱ्या, छळ सोसणाऱ्या बायका तिथे येतात. दोन खोल्या आणि एक व्हरांडा. बाहेर पाटी आहे ती शिवणक्लासची. (क्लास खराच चालतो, सकाळी. "क्लासला जाते" असं सांगून घराबाहेर पडता यावं म्हणून.) तीन समुपदेशक, आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या वकील मॅडम, चहा करणाऱ्या मावशी, आणि हे सगळं चालवणाऱ्या ताई. आमच्या कंपनीत दरवर्षी समाजसेवेचं मेल येतं: झाडं लावा, शाळेच्या भिंती रंगवा. भिंती रंगवून कंटाळलो होतो, म्हणून म्हटलं, आपल्याला जे येतं ते करू. मी यांना केसेसची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर लिहून देतो.

पहिल्या भेटीत माझी अपेक्षा होती की डेटा कुठे राहणार, खर्च किती, असं काहीतरी विचारतील. ताईंनी विचारलं, "एखादी बाई दारातून आत आली आणि तुला बघून मागे फिरली, तर काय करायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून माझी खुर्ची व्हरांड्याच्या टोकाला, शिलाई मशीनच्या मागे. तीन महिने मी तिथेच बसून काम केलं.

त्यांची रजिस्टरं मी बघितली ती कोऱ्या फॉर्मची आणि नावं झाकलेल्या पानांची. ब्राउन पेपरचं कव्हर घातलेली, शाळेतल्यासारखी. एक गोष्ट लगेच डोळ्यात भरली. पहिल्या भेटीनंतर दुसऱ्या भेटीला न येणाऱ्या बायका खूप. आता आपल्या जातीच्या माणसाला हे दिसलं की डोक्यात काय येतं? रिमाइंडर! दातांच्या डॉक्टरपासून गॅस सिलेंडरवाल्यापर्यंत सगळे पाठवतात. मी केंद्राच्या मोबाइलवरून आदल्या संध्याकाळी आपोआप व्हॉट्सअ‍ॅप जाईल अशी सोय करून टाकली. कुणी मागितली नव्हती. बोनस! वर हुशारीही केली होती. मेसेजमध्ये केंद्राचं नाव टाकलं नाही, फक्त "उद्या सकाळी ११ वाजता भेटू".

नंबरच्या फोटोत मात्र केंद्राचं नाव होतं. ते माझ्या लक्षात आलं नाही.

पहिल्याच आठवड्यात सहा मेसेज गेले. पाच जणींच्या बाबतीत काही झालं नाही. सहावीचा फोन संध्याकाळी नवऱ्याकडे असायचा. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतर तिचा फोन बंद.

ताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आधी ती सोय बंद करवली, मग रजिस्टरचं एक झाकलेलं पान समोर ठेवलं आणि म्हणाल्या, "हा रकाना बघितला होतास?" शेवटचा रकाना. त्याला वर नावच नव्हतं. आत पेन्सिलीने लिहिलेलं: "दु. २ ते ४". "फक्त मिस्ड कॉल". "बहिणीचा नंबर, आपलं नाव सांगायचं नाही". "फोन करू नये". मी तो रकाना बघितला होता. नाव नाही म्हणून, किरकोळ टिपणं असतील असं समजून, टेबल बनवताना गाळला होता.

म्हणजे त्या केंद्रातली सगळ्यात मौल्यवान माहिती मी बिनकामाची म्हणून फेकून दिली होती. आणि बायका दुसऱ्या भेटीला का येत नाहीत, याचं उत्तर त्या रकान्यातच होतं. त्या विसरत नव्हत्या हो!

यानंतर मी कोड लिहिणं थांबवलं आणि दोन शनिवार नुसता व्हरांड्यात बसून राहिलो. खरं सांगायचं तर असं केंद्र चालवणं म्हणजे मोठं मन, भरपूर कळवळा आणि थोडीफार धावपळ अशी माझी समजूत होती. तुमचीही असेल. पण ताईंचं निम्मं काम म्हणजे काय करायचं नाही ते ठरवणं. कुणाला फोन करायचा नाही. कुठल्या पत्रकाराला आत घ्यायचं नाही. कुठल्या केसमध्ये पोलिसांकडे जायची घाई करायची नाही, कारण रात्री ती बाई त्याच घरात झोपणार आहे. आणि "सोडून दे त्याला" हे तर कधीच म्हणायचं नाही. निघायचं की राहायचं, कधी निघायचं, हे ती ठरवणार. कारण बाई घर सोडायला निघते तेव्हा धोका कमी होत नाही, बहुतेकदा वाढतो. हे कळायला नुसता कळवळा पुरत नाही. हे कौशल्य आहे, आणि ते कमवायला वर्षं जातात.

आपल्या शहरात तर हे नवीनही नाही. जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा विधवांनी इथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावं असं जाहीर केलं होतं. त्यातला 'गुप्तपणे' हा शब्द मला आत्ता कळतोय. मुंबईत १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबई पोलिसांनी मिळून महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, थेट पोलिसांच्या आवारात प्रशिक्षित समाजसेविका बसवून. २००० साली वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने 'दिलासा' केंद्र काढलं. हॉस्पिटलातच का? तर "डॉक्टरकडे जाते" हे कारण घरात चालतं. शिवणक्लासचंच लॉजिक.

कायदाही आहे, आणि तो आपल्याला वाटतो तसा नाहीये. ऑफिसात जेवताना हा विषय काढला की एक तरी मित्र "अरे, सगळ्या खोट्या केसेस असतात, ४९८अ लावतात आणि पैसे उकळतात" म्हणतोच. (आता ते कलम ४९८अ राहिलेलं नाही. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालंय.) पण कौटुंबिक हिंसाचाराचा २००५चा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला, तो मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. तो नवऱ्याला उचलून आत टाकत नाही. तो बाईला संरक्षणाचा आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्चाचे पैसे, मुलांचा ताबा हे देऊ शकतो. कोर्टाचा आदेश मोडला तर मात्र गुन्हा. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करावा, असं त्यात लिहिलंय. वकील मॅडमना हे वाचून दाखवलं तर त्या बराच वेळ हसत होत्या.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या विवाहित, किंवा कधीतरी लग्न झालेल्या, बायकांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी ती थांबवण्यासाठी कुणाची तरी मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के. यात आईला सांगणाऱ्याही आल्या. म्हणजे जी बाई शिवणक्लासच्या पाटीखालून आत येते, ती किती गाळण्यांमधून आलेली असते बघा. आणि तिला मी मेसेज पाठवला.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसलो.

ताईंना त्यांच्या अनुभवाच्या मानाने पगार किती मिळतो, ते इथे लिहिणार नाही. आमच्याकडे कॉलेजमधून थेट आलेल्या पोराला जास्त मिळतो, एवढंच सांगतो. रात्री बारा वाजता त्यांचा फोन वाजतो. आम्ही रात्री सर्व्हर पडला म्हणून उठलो तर ऑन-कॉलचा भत्ता घेतो, दुसऱ्या दिवशी उशिरा येतो. मंगळवारी दुपारी दोन तास केंद्र बंद असतं. त्या वेळात समुपदेशक एकमेकींशी त्या आठवड्यात ऐकलेल्या गोष्टींबद्दल बोलतात, नाहीतर त्या गोष्टी त्यांच्याबरोबर घरी जातात. एका देणगीदाराने त्याबद्दल विचारलं होतं, "कामाच्या वेळात बंद का?"

कंपनी कायदा २०१३ मुळे मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर घालावे लागतात. त्या यादीत स्त्रियांचं सक्षमीकरण आहे, स्त्रियांसाठी घरं आणि वसतिगृहं आहेत. पण एका कंपनीची एक्सेल शीट मी ताईंबरोबर बसून भरली. त्यात शिलाई मशीनला पैसे होते. बॅनरला होते. समुपदेशकांचा पगार 'प्रशासकीय खर्च' म्हणून लाल रंगात. अहो, त्या केंद्रात दुसरं आहे काय? ऐकून घेणारं माणूस हेच तिथलं प्रॉडक्ट, सर्व्हर आणि सपोर्ट टीम. परदेशी देणग्यांबाबत तर २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. पैसे वस्तूंवर गेले तर सत्कारणी आणि माणसांवर गेले तर वाया, ही आपल्या सगळ्यांची समजूत आहे. मीही देणगी देताना "थेट लाभार्थीपर्यंत किती पोचतात?" असं ऐटीत विचारायचो.

त्याच शीटमध्ये पुढचा रकाना होता: "किती कुटुंबं पुन्हा जोडली?" ताईंनी तो कोरा ठेवला. मी म्हटलं, निदान 'केस बंद' किती ते तरी लिहू. त्या म्हणाल्या, "अरे, बाई परत नवऱ्याकडे गेली, मग सहा महिन्यांनी पुन्हा आली. ती आमच्यासाठी अपयश नाही. तिला दार आठवलं ना?" आमच्याकडे बंद केलेलं तिकीट पुन्हा उघडलं तर रिपोर्टमध्ये लाल होतं. तेव्हा मी गप्प बसलो. त्या कंपनीचे पैसे आले नाहीत.

मला विचाराल तर आपल्यासारख्यांनी अशा केंद्रांना अ‍ॅप देण्याआधी पगार द्यावेत. दरमहा, बिनअटीचे, तीन वर्षं तरी. त्यात फोटो नसेल, धन्यवादाची पाटी नसेल. आपल्या कंपनीत ज्यांचं बजेटवाल्यांशी बरं आहे त्यांनी तो लाल रंग काढून बघावा. मी प्रयत्न केला, एचआरच्या मॅडमनी "पुढच्या तिमाहीत बोलू" म्हटलंय. तोवर आम्ही चौघे मित्र मिळून एका समुपदेशकाचा अर्धा पगार देतोय. पुरेसा नाही, माहितीये.

आणि ती सहावी? नवव्या दिवशी एका समुपदेशकाने कुठून तरी माहिती काढली. कुठून ते मी विचारलं नाही. ताईंनी मला एवढंच सांगितलं, "आहे. बरी आहे असं नाही म्हणता येणार, पण आहे." केंद्रात ती अजून आलेली नाही.

सॉफ्टवेअर मी पुन्हा लिहिलं. मेसेज पाठवणारा कोड काढून टाकला. फॉर्ममध्ये आता नावाच्याही आधी प्रश्न येतो, "फोन कधी करायचा?" तो रिकामा असेल तर नंबर स्क्रीनवर दिसतच नाही. जुन्या नोंदी नवीन टेबलात हलवायच्या होत्या, तेव्हा केस नंबर सांगून मी विचारलं, "हिचं स्टेटस काय ठेवू?"

"उघडंच ठेव," ताई म्हणाल्या. आणि फोन वाजला म्हणून आत गेल्या.